विमलआत्याच्या दोन खुर्च्या

“शेवटी देवानंच रस्ता मोकळा केला म्हनाचं. दुसरं काय!”

नलूकाकू चहा गाळता गाळता हे बोलली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते, तिला दिसत नव्हते. विमलआत्याला माती देऊन अकोल्याच्या कब्रस्तानातून आम्ही नुकतेच परतलो होतो आणि ओसरीत काढलेल्या सगळ्या चपलांना तिथली काळी, चिकट माती लागलेली होती. आतून कोणीतरी हळूच म्हणालं, “आत्याच आडवी होती ना त्या सोयरिकीले?” त्यावर काकू म्हणाली, “मंग! आता कोणाले इचारत बसन शारू?”

मी ट्रे तिथंच खाली ठेवला. काकू वाईट बाई नाही. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, आणि ते वाक्य तिनं देवाची स्तुती करावी अशा सुरात म्हटलं होतं. पण नेमकं तेच वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यात फिरत होतं, फक्त इंग्रजीत.

माझं नाव शॅरन, घरात शारू. विमलआत्या ही माझ्या पप्पांची मोठी बहीण. अकोल्याच्या एका शाळेत तिनं आयुष्यभर मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर शाळेजवळच्या ख्रिस्ती वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहिली. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर लावत होते. पप्पा फोनवर एवढंच म्हणाले, “आत्या... झोपेतच.” त्याच आठवड्यात, रविवारी, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून मी देवाकडे एक गोष्ट मागितली होती. मला एक खूण दे, अशी खूण की मलाच काय, कोणालाही त्या खुणेबद्दल शंका राहणार नाही.

खूण कशासाठी मागितली ते सांगते. नागपूरचा आशिष नावाचा मुलगा आमच्या चर्चमध्ये तरुणांच्या सभेसाठी आला होता. पूर्णवेळ सेवाकार्य करतो, चांगलं बोलतो. सभा संपल्यावर सगळे जेवायला पळाले तेव्हा हा एकटा खुर्च्या उचलून रचत होता, हेही मी पाहिलं होतं. आमचं बोलणं दोनदाच झालं, तेही पुस्तकांबद्दल. काही आठवड्यांनी तो आईवडिलांना घेऊन आमच्या घरी आला आणि पप्पांना म्हणाला, “मी उपवास करून प्रार्थना केली, अंकल. देवानं मला शॅरनचं नाव दिलं.”

त्यानं मला मागणी घातली असती तर मी विचार केला असता. पण देवानं नाव दिलं म्हटल्यावर मी विचार कशाचा करायचा? नाही म्हणायचं तर कोणाला नाही म्हणायचं? आशिषमध्ये मला काही वाईट सापडत नव्हतं, आणि तीच अडचण होती. त्याचं नाव काढलं की छातीवर कोणीतरी हात ठेवून दाबतंय असं वाटायचं, एवढंच. आणि एवढ्यासाठी देवाला कोण नाही म्हणतं?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मोठं काही ठरवायचं असलं की वचन काढतात. घरात एक छोटा डबा असतो, त्यात शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, वचनांच्या चिठ्ठ्या, गुंडाळ्या करून ठेवलेल्या. प्रार्थना करायची, डोळे मिटून एक उचलायची. नवीन वर्षाच्या उपासनेला तर प्रत्येकजण आपलं वर्षाचं वचन काढतो. आशिषचे आईवडील बसलेले असतानाच पप्पांनी डबा आणला आणि चिठ्ठी काढली. निघालं ते उघड्या दाराबद्दलचं वचन. सॅम्युअलकाका, म्हणजे पप्पांचे चुलतभाऊ आणि नलूकाकूचे यजमान, मांडीवर थाप मारून म्हणाले, “घ्या! दार बी उघडलं. आता निस्तं आत जाचं राह्यलं!” सगळे हसले, मम्मीनं डोळे पुसले, पेढे आले. मी एक पेढा हातात धरून बसले होते, तो हातातच मऊ झाला.

विमलआत्याला हे फोनवर कळलं तेव्हा ती काकांना म्हणाली, “दार उघडं असलं म्हणजे आतच जा लागते काय रे, सॅम्या? त्याच दारातून बाहेर बी येता येते.” आत्या आडवी आली असं जे लोक म्हणतात, ते इतकंच. पुढे कोणी विचारलं तरी तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शारूला माझ्याकडे पाठवा, असं म्हणाली.

लहानपणी दर उन्हाळ्यात मी तिच्याकडे जायचे. बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूरला पप्पा उतरून आलूबोंडे घेणार आणि गाडी सुटेल म्हणून मी खिडकीला चिकटून रडकुंडीला येणार. तेव्हापासून मी अशीच आहे, भित्री. इंग्रजी शाळेत घातल्यामुळे मला मराठी वाचता यायचं नाही. आत्यानं गीतांच्या पुस्तकावर बोट ठेवून ते शिकवलं, आणि म्हणून अजूनही मी मराठी वाचते तेव्हा मनात किंचित चाल लागते. चर्चमधल्या बायका मोठमोठ्या शब्दांत उभ्याउभ्या प्रार्थना करत, आणि माझी पाळी येईल या भीतीनं मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे. आत्या मला बोलावून आणायची नाही. “बसू दे तिले. देव काय निस्ता हॉलमधीच हाये?” असं म्हणायची.

तिच्याकडेही वचनांचा डबा होता. एकदा मी मोठ्या श्रद्धेनं डोळे मिटून त्यात हात घातला, तर हाताला शर्टाची बटणं लागली. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, “त्यातल्या चिठ्ठ्या लय चांगल्या होत्या माये. सगळ्याच चांगल्या होत्या. एकीतही ‘जाऊ नको’ असं लिहेल नव्हतं, ‘जाय’ असंही नव्हतं. आपल्या मनात जे हाये, थेच आपण वाचतो.” तेव्हा मला ते समजलं नाही. पुढे पप्पांकडून कळलं की तरुणपणी तिला अचलपूरच्या शाळेत नोकरी लागली होती, वसतिगृह सांभाळायचं काम होतं आणि तिला जायचं होतं. आजोबांनी वचन काढलं, त्यात घराबद्दल काहीतरी निघालं, आणि ती राहिली. त्याबद्दल तिनं कधी कोणाला दोष दिला नाही. फक्त डब्यात बटणं ठेवायला लागली.

आणि तिच्या त्या खुर्च्या... ओसरीत दोन खुर्च्या असत, समोरासमोर. एक शाळेतून मोडीत काढलेली लाकडी, हातांची. दुसरी लोखंडी नळ्यांची, हिरव्या प्लास्टिकच्या वायरीनं विणलेली. कोणी संशयात पडलं की तिच्याकडे यायचं. पोराला पुण्याला पाठवू की नको, आईला आपल्याकडे आणू की भावाकडे राहू देऊ, असे प्रश्न असत. आत्या प्रार्थना करायची, अगदी छोटी. मग म्हणायची, “आता या खुर्चीत बस आन् समज, तू हो म्हणून बसला. ठरलं. आता काही बदलत नाही.” माणूस बसायचा. ती आत जाऊन भाजी चिरायची. बऱ्याच वेळानं यायची आणि त्याला दुसऱ्या खुर्चीत बसवायची. आता समज, नाही म्हणून बसला. कोणती खुर्ची ‘हो’ची आणि कोणती ‘नाही’ची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. शेवटी ती एवढंच विचारायची, “पाठ कुठं टेकली?”

वस्तीत याची थट्टाही चालायची. चर्चच्या कॉयरमध्ये गाणारे एक गृहस्थ दर वर्षी राजीनामा द्यायचं म्हणत आणि दर वर्षी येऊन खुर्च्या अडवून बसत. आत्यानं एकदा त्यांना दारातूनच सांगितलं, “तुमी उभेच राहा भाऊ. तुमची पाठ दोन्हीकडं टेकते, झोप लागते तुमाले.”

तिला रागावलेलं मी एकदाच पाहिलं. मी शाळेत असताना, मे महिन्यात, वस्तीतला एक तरुण मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्या घरच्यांनी आदल्या वर्षी आमची मंडळी सोडून दुसरीकडे जायला सुरुवात केली होती. सांत्वनाला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी ओसरीत म्हणालं की देवानं हा इशारा दिला. आत्या हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाली, “माणूस गेला त त्याच्यासाठी रडा. त्याच्या मरणात आपलं उत्तर शोधू नका. त्याचं मरण त्याचं हाये. थे तरी त्याच्यापाशी राहू द्या.” मी तिच्या पदरामागे उभी होते, आणि तिची पाठ थरथरताना मला दिसली.

या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले, ती शेवटची भेट. दुपार होती, बाहेर रिपरिप चालली होती. तिनं मला हिरव्या खुर्चीत बसवलं. मी मनात म्हटलं, हो. आत ती गवारीच्या शेंगा मोडत होती, त्याचा बारीक आवाज येत होता. मी नागपूरचं घर मनात आणून पाहिलं, महिलांच्या सभा, उभं राहून प्रार्थना, आशिषचा चांगुलपणा. मग तिनं मला लाकडी खुर्चीत बसवलं. मी मनात म्हटलं, नाही. लगेच डोळ्यासमोर पप्पांचा चेहरा आला, आणि त्याच्या मागे आणखी कोणीतरी, ज्याला चेहरा नव्हता. मी उठले तेव्हा माझी ओढणी घामानं भिजली होती.

“पाठ कुठं टेकली?”

“कुठंच नाही.”

“पाह्यलं मी. दोन्ही खुर्च्यात काठावर बसली होती तू. बसमधी जागा धरल्यासारखी.” ती माझ्याजवळ येऊन जमिनीवरच बसली. “दोन्हीकडं तुह्यी भीतीच बसली माये. तू अजून बसलीच नाही.”

मी तिला विचारलं, देवानं त्याला सांगितलं आहे, मग मी कोण? त्यावर तिनं माझी ओढणी खांद्यावर नीट केली. मग म्हणाली, “त्याले सांगतलं असन. मी खोटं नाही म्हणत. पण लगीन दोघायचं, मंग तुले काऊन नाही सांगतलं? तुह्या पत्ता नाही काय देवापाशी?” मला हसू आलं आणि रडूही. तिनं मला शास्त्रातली विहिरीवरच्या मुलीची गोष्ट आठवायला सांगितली. म्हातारा नोकर धन्याच्या मुलासाठी मुलगी शोधायला निघतो, देवाकडे खूण मागतो, खूण अगदी हवी तशी मिळते. मुलीच्या घरचेही म्हणतात, ही देवाचीच गोष्ट, आम्ही काय बोलणार. “एवढं सगळं झालं,” आत्या म्हणाली, “खूण भेटली, दागिने देल्ले, जेवणं झाली. तरी सकाळी थे लोक काय म्हणतात? पोरीले बोलवा, तिले इचारू. देवानं ठरवल्यावरही तिले इचारलं शारू. आन् थे तोंडानं बोलली.”

“तुला भीती नाही वाटत, आत्या?”

“लय वाटते. देव बोलन म्हणून वाटते, नाही बोलला तरी वाटते. या वयात आणखीच वाटते.” तिनं चहाबरोबर रोजच्या गोळ्या घेतल्या, हृदयाच्या. त्या पाकिटाकडे मी पाहिलं, पण तेव्हा ते केवळ पाकीट होतं. “पण भीती हे काही देवाचा आवाज नोय. एवढं मले आता समजते. पुढच्या खेपेस येजो. भीतीले बाहेर बसवजो, मंग तू बसजो.”

पुढची खेप झाली ती तिच्या मातीची.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. मी प्रार्थना करणं बंद केलं. श्रद्धा गेली होती असं नाही, पण मागितलेलं मिळालं तर काय होतं ते मी पाहिलं होतं, असं मला वाटत होतं. देवाकडे एक मागणं केलं आणि त्यानं माझ्या आयुष्यातलं एक माणूस उचलून बाजूला ठेवलं, खुर्ची सरकवावी तसं... आता पुन्हा काही मागितलं, तर पुढचं कोण? मम्मीला साधा खोकला आला तरी मी रात्री उठून तिचा श्वास चालू आहे का ते पाहायचे. लायब्ररीत पुस्तक शेल्फवरून पडलं तर ते कोणत्या पानावर उघडलं हे पाहायचीही मला धास्ती वाटायची. घरात सगळे माझ्याशी हळू बोलत. आशिषच्या घरून फोन येत, आणि पप्पा म्हणत, “थोडे दिवस जाऊ द्या.” एकदा फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ताईची आठवण म्हणून तरी घरात काही चांगलं व्हावं...” त्यांचा आवाज फुटला, आणि मला वाटलं की आता मी हो म्हणेन, केवळ हा आवाज थांबावा म्हणून.

मग अकोल्याला तिच्या घरी स्मरणाची प्रार्थनासभा ठेवली. घर रिकामं करायचं होतं, म्हणून तीच शेवटची. वस्तीतले लोक आले, आशिषचे आईवडील नागपूरहून आले. आशिषला बाहेरगावी सभा होती. माणसं जास्त झाली म्हणून कोणीतरी ओसरीतल्या दोन्ही खुर्च्या आत आणून इतरांच्या रांगेत लावल्या. लाकडी खुर्चीत चर्चचे पाळक बसले. हिरवीत कोणी बसेना, तिची एक वायर तुटून लोंबत होती. मी चहा देऊन आले तेव्हा तेवढीच रिकामी होती.

मी बसले, अर्थातच काठावर. गीतं झाली, प्रार्थना झाली. कॉयरचे ते गृहस्थ आत्याबद्दल बोलायला उभे राहिले आणि “त्यांनी मला कधी बसू दिलं नाही” एवढंच बोलून रडत खाली बसले. लोक हसले आणि रडले. मग सॅम्युअलकाका उभे राहिले. त्यांचं मन मोठं आहे, ते आत्यावर जीव टाकायचे, म्हणून मी त्यांना काही म्हणत नाही. ते म्हणाले की दुःखातही देव आपली योजना दाखवतो, विमलताईंना त्यानं विश्रांती दिली आणि घराण्यासाठी एक दार उघडलं. आज पाहुणेही हजर आहेत, तर पाळकांनी मुलीवर हात ठेवून प्रार्थना करावी आणि तारीख...

पाळक उठले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. माझे कान बधिर झाले होते. आणि त्या बधिरपणात मला आत्याच्या थरथरणाऱ्या पाठीची आठवण झाली, तांब्या खाली ठेवतानाची. ती इतकी घाबरलेली होती आणि तरी बोलली होती. मला ते आजवर कसं दिसलं नाही? मी तिला सदैव निर्भय समजत आले.

भीती गेली नव्हती. मी तिला उठायला सांगितलं आणि ती उठली, असं काही झालं नाही. ती माझ्याच मांडीवर होती. पण मी मागे सरकले, सगळी मागे, तुटक्या वायरीचं टोक पाठीला टोचेपर्यंत. मग टेकले.

“आत्याचं मरण आत्याचं आहे, काका,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मागच्या लोकांनी ‘काय? काय म्हणते?’ असं एकमेकांना विचारलं. “ते माझं उत्तर नाही. आणि मला... मले कोणी इचारलंच नाही अजून.”

नलूकाकूनं तोंडावर पदर धरला. पप्पा जमिनीकडे पाहत होते. काका म्हणाले, “अवं पोरी, देवानं ठरवल्यावर...” पण आशिषच्या आईनं त्यांना हातानं थांबवलं. शांत, गोऱ्या, चष्मा लावणाऱ्या बाई आहेत. त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर आल्या, अगदी ओसरीतल्यासारख्या समोरासमोर, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

“बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “आमचं चुकलं. मी विचारते. शॅरन, येशील का आमच्या घरी?”

त्यांचे डोळे प्रामाणिक होते, त्यामुळे ते आणखी कठीण झालं. बाहेर कोणीतरी चपला शोधत होतं. पाठीला वायर टोचत होती.

“नाही,” मी म्हणाले. “मी नाही येत.”